पुन्हा पहिल्या बाकावर

(एका नामवंत प्राध्यापकाने वयाच्या तिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी होऊन विज्ञानाचा अभ्यास केला आणि तो डॉक्टर झाला. त्याच्या शिक्षणाची हकिकत या पाठात सांगितली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, आधी शाळा, मग कॉलेज, मग पदवी आणि शेवटी नोकरी, ही शिक्षणाची वाट तुम्हां सर्वांना माहीत आहे. ही वाट एकेक पायरी वर जाते. पण सगळ्यांत वरच्या पायरीवर पोहोचलेला एखादा माणूस खाली उतरून पुन्हा पहिल्या पायरीवर येऊन बसला, तर लोक त्याला काय म्हणतील? वेडा म्हणतील, हसतील. अल्बर्ट श्वाइट्झर यांच्या वाट्याला हेच आले.

श्वाइट्झर यांचा जन्म १४ जानेवारी १८७५ रोजी अल्सेस प्रांतात झाला. हा प्रांत त्या वेळी जर्मनीत होता. आज तो फ्रान्समध्ये आहे. त्यामुळे लहानपणापासून त्यांच्या कानांवर दोन भाषा पडल्या. घरात ते गावाकडची जर्मन बोली बोलत, पण आईवडिलांना पत्र लिहायचे ते फ्रेंचमध्ये. तुम्ही उर्दूतून शिकता आणि मराठीही शिकता. दोन भाषांत वाढणे म्हणजे काय, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको.

श्वाइट्झर यांनी स्ट्रासबुर्ग विद्यापीठात धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञान या विषयांचा अभ्यास केला. १८९९ साली त्यांना तत्त्वज्ञानातील डॉक्टरेट मिळाली. पुढे ते त्याच विद्यापीठात धर्मशास्त्र शिकवू लागले. ते चर्चमध्ये प्रवचने देत. ऑर्गन हे वाद्य वाजवण्यात तर त्यांचा हातखंडा होता. थोर संगीतकार बाख यांच्यावरील त्यांचा फ्रेंच ग्रंथ १९०५ साली प्रसिद्ध झाला. वयाच्या तिसाव्या वर्षी एखाद्याला यापेक्षा आणखी काय हवे?

पण श्वाइट्झर यांच्या मनात वेगळाच विचार होता. एकविसाव्या वर्षीच त्यांनी एक निश्चय केला होता. तीस वर्षे पूर्ण होईपर्यंत विद्या आणि संगीत यांत रमायचे. त्यानंतर मात्र लोकांच्या प्रत्यक्ष सेवेचे काम करायचे. कोणते काम करायचे, हे तेव्हा ठरले नव्हते. १९०४ साली एका मासिकात त्यांनी एक लेख वाचला. आफ्रिकेच्या काँगो भागातील कामासाठी माणसे मिळत नाहीत, असे त्या लेखात म्हटले होते. हे काम आपले आहे, असे त्यांना वाटले. तिथे बोलण्यापेक्षा हातांनी काम करणाऱ्याची अधिक गरज आहे, असे त्यांनी ओळखले आणि डॉक्टर होऊन तिथे जायचे ठरवले.

१३ ऑक्टोबर १९०५ ही ती तारीख. त्या दिवशी त्यांनी पॅरिसमध्ये काही पत्रे टपालाच्या पेटीत टाकली. आपण वैद्यकीय शिक्षण सुरू करत आहोत, असे त्यांनी आईवडिलांना आणि जवळच्या मित्रांना कळवले होते. पत्रे पोहोचली आणि सगळीकडून विरोध सुरू झाला. काहींना वाटले, हा आपली विद्या मातीत घालतो आहे. आफ्रिकेतील लोकांना मदत करायची, तर इथे व्याख्याने देऊन पैसे गोळा कर, असा सल्ला काहींनी दिला. वैद्यकीय शाखेच्या प्रमुखांना हे समजले, तेव्हा तर या माणसाला मनोरुग्णांच्या डॉक्टरांकडेच पाठवावे, असे त्यांच्या मनात आले!

दुसरी अडचण नियमांची होती. विद्यापीठात शिकवणारा प्राध्यापक त्याच विद्यापीठात विद्यार्थी कसा होणार? पाहुणा म्हणून तो वर्गात बसू शकला असता, पण मग त्याला परीक्षेला बसता आले नसते. शेवटी सरकारने मार्ग काढला. ज्या प्राध्यापकांच्या तासांना ते हजर राहतील, त्यांच्या दाखल्यांवर त्यांना परीक्षेची परवानगी मिळाली. ते सहकारी असल्यामुळे त्यांच्याकडून फी घ्यायची नाही, असे प्राध्यापकांनी ठरवले. ऑक्टोबर संपत आला होता. दाट धुके पडले होते. त्या धुक्यातून चालत जाऊन श्वाइट्झर शरीररचनाशास्त्राच्या पहिल्या तासाला बसले.

मित्रांनो, तुम्हांला वाटेल, एवढा विद्वान माणूस, त्याने थेट रोग आणि औषधे यांचाच अभ्यास का सुरू केला नाही? पण तसे करता येत नाही. आधी रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र शिकावे लागते. त्यांच्या जोडीला शरीराची रचना आणि शरीराचे कार्य यांचा अभ्यास करावा लागतो. कारण वैद्यकशास्त्राची इमारत याच पायावर उभी असते. हृदय रक्त कसे ढकलते, हे समजायला दाब म्हणजे काय ते माहीत हवे. तो भौतिकशास्त्राचा भाग आहे. अन्न कसे पचते, हे रसायनशास्त्रावाचून कळत नाही. हिवताप अॅनोफिलीस जातीच्या डासाच्या मादीमुळे पसरतो आणि निद्रारोग त्सेत्से माशीमुळे. तिथे प्राणिशास्त्र लागते. हिवतापावरचे क्विनाइन हे औषध सिंकोना झाडाच्या सालीपासून मिळते. तिथे वनस्पतिशास्त्र उपयोगी पडते.

श्वाइट्झर यांना भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांत फर्डिनंड ब्राउन हे प्राध्यापक होते. पुढे १९०९ साली ब्राउन यांना बिनतारी संदेशवहनाच्या कामासाठी मार्कोनी यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. अशा शिक्षकांच्या समोर बसून शिकताना श्वाइट्झर यांना मोठा आनंद होई. शाळेत असल्यापासून त्यांना निसर्गविज्ञानाची ओढ होती, पण ते शिकणे मागे राहून गेले होते. तत्त्वज्ञानात एका मताविरुद्ध दुसरे मत मांडता येते आणि वाद चालूच राहतो. विज्ञानात मात्र प्रत्येक गोष्ट पुराव्याने सिद्ध करावी लागते. ही शिस्त त्यांना फार मोलाची वाटली.

आनंद होता, पण कष्टही तेवढेच होते. पोटासाठी शिकवणे सुटले नव्हते. रविवारची प्रवचने चालू होती. पॅरिसमधील बाखच्या संगीताच्या कार्यक्रमांत ऑर्गन वाजवायला त्यांना जावे लागे. याच काळात त्यांनी बाखवरचा ग्रंथ जर्मन भाषेत लिहिला. त्यांनी फ्रेंच ग्रंथाचे नुसते भाषांतर केले नाही. तो नव्याने लिहिला. १९०६ साली त्यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचे प्रमुखपद सोडले. त्याबरोबर राहते घरही सोडावे लागले. थकव्याशी त्यांचा रोजचाच झगडा होता.

त्याहून मोठी अडचण स्मरणशक्तीची होती. विशीतल्या मुलांना जे एकदा वाचून आठवे, ते तिशी ओलांडलेल्या श्वाइट्झर यांना पुन्हा पुन्हा वाचावे लागे. शिवाय विषय मुळापासून समजून घ्यायचा, परीक्षेपुरता अभ्यास करायचा नाही, असे त्यांनी ठरवले होते. हा विचार चांगला होता. पण परीक्षा जवळ आली, तेव्हा तयारी अपुरी असल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्या वेळी बरोबरच्या विद्यार्थ्यांनी त्यांना आपल्या अभ्यास मंडळात ओढून नेले. कोणते प्राध्यापक कोणते प्रश्न विचारतात आणि त्यांना कशी उत्तरे आवडतात, हे त्या मंडळातील मुलांना पाठ होते. ग्रंथकार आणि प्राध्यापक असलेले श्वाइट्झर आपल्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान मुलांबरोबर उजळणीला बसले. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही.

१३ मे १९०८ रोजी ही पहिली वैद्यकीय परीक्षा झाली. त्या दिवशी पाऊस पडत होता. निकाल लागला तो अपेक्षेपेक्षा चांगला. विज्ञानाचा पाया पक्का झाला होता. त्यानंतर रोग, औषधे आणि शस्त्रक्रिया यांचा प्रत्यक्ष अभ्यास सुरू झाला. १९११ साली शेवटच्या परीक्षेची वेळ आली. म्युनिक येथील संगीत महोत्सवात ऑर्गन वाजवून त्यांनी त्या परीक्षेच्या फीचे पैसे मिळवले. १७ डिसेंबर १९११ रोजी शस्त्रक्रियेची शेवटची तोंडी परीक्षा झाली. बाहेर पडल्यावर, एवढी वर्षे चाललेली मेहनत खरोखरच संपली, यावर त्यांचा विश्वासच बसेना.

पुढे त्यांनी रुग्णालयात उमेदवारी केली. उष्ण प्रदेशांतील रोगांचा अभ्यास पॅरिसमध्ये केला. १९१२ साली हेलेन ब्रेसलाऊ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या कामात साथ देता यावी, म्हणून हेलेन यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले होते. १९१३ च्या मार्चमध्ये दोघे जहाजाने आफ्रिकेला निघाले आणि ओगोवे नदीकाठच्या लांबारेने या गावी पोहोचले. हे गाव आज गॅबन देशात आहे. तिथे रुग्ण आधीच वाट पाहत होते, पण दवाखान्याला जागा नव्हती. कोंबड्यांचे एक जुने खुराडे साफ करून त्याला चुना लावला. तोच डॉक्टरांचा पहिला दवाखाना! हिवताप, निद्रारोग, कुष्ठरोग, हगवण अशा रोगांवर तिथे इलाज होऊ लागले. स्ट्रासबुर्गच्या बाकावर बसून शिकलेले इथे रोज उपयोगी पडू लागले.

मधल्या काही काळाचा अपवाद सोडला, तर श्वाइट्झर यांनी जन्मभर लांबारेने येथेच काम केले. १९५२ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. ४ सप्टेंबर १९६५ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. ते आफ्रिकेतील लोकांना बरोबरीने न वागवता धाकट्या भावाप्रमाणे वागवत, अशी टीकाही त्यांच्यावर झाली. ती टीका विचार करण्यासारखी आहे. मोठ्या माणसाचे सगळेच आपण उचलावे असे नाही. जे घेण्यासारखे आहे ते घ्यावे.

आता तुम्ही म्हणाल, ही जुनी आणि दूरची गोष्ट झाली. तसे नाही. अमेरिकेत इतिहास, साहित्य किंवा व्यापार अशा विषयांत पदवी घेतलेली अनेक माणसे आजही पुन्हा कॉलेजात जातात. रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांचे वर्ग पूर्ण करून ती वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळवण्यासाठी धडपडतात.

आपल्या देशात वैद्यकीय प्रवेशासाठी ‘नीट’ ही परीक्षा द्यावी लागते. या परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हेच विषय असतात. कमाल वयाची अट २०२२ साली काढून टाकण्यात आली. बारावीला जीवशास्त्र घेतले नसेल, पण नंतर मान्यताप्राप्त मंडळातून तो अतिरिक्त विषय म्हणून पूर्ण केला असेल, तर परीक्षेला बसता येईल, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ साली जाहीर केले. ही परीक्षा मराठीतून देता येते आणि २०१८ पासून उर्दूतूनही देता येते. नियम बदलत असतात. म्हणून ज्या वर्षी परीक्षा द्यायची, त्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचावी.

मित्रांनो, दार उघडे आहे, याचा अर्थ वाट सोपी आहे असा नाही. उशिरा परत येणाऱ्याला जास्त वेळा वाचावे लागते, घर आणि पोटाचा उद्योग सांभाळावा लागतो आणि लोकांचे बोलणे सोसावे लागते. म्हणून आज तुमच्या हातात असलेले विज्ञानाचे पुस्तक मन लावून वाचा. उद्या तुमच्या घरातील मोठा भाऊ, बहीण किंवा आई पुन्हा शिकायला निघाली, तर तिला हसू नका. तिच्या शेजारी बसा आणि तिची उजळणी घ्या. श्वाइट्झर यांना परीक्षेच्या वेळी त्यांच्यापेक्षा लहान मुलांनीच हात दिला होता.

शब्दार्थ

नामवंत – प्रसिद्ध
हातखंडा असणे – एखाद्या कामात फार तरबेज असणे
विद्या मातीत घालणे – विद्या वाया घालवणे
उमेदवारी करणे – प्रत्यक्ष काम करत शिकणे
उजळणी – शिकलेले पुन्हा म्हणणे किंवा वाचणे
खुराडे – कोंबड्या ठेवण्याची जागा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) श्वाइट्झर यांनी एकविसाव्या वर्षी कोणता निश्चय केला?
(आ) त्यांनी शेवटच्या परीक्षेची फी कशी मिळवली?
(इ) लांबारेने येथील पहिला दवाखाना कोठे सुरू झाला?

२. कारणे लिहा.
(अ) श्वाइट्झर यांना विद्यार्थी म्हणून नाव नोंदवता येईना.
(आ) डॉक्टर होण्यासाठी आधी विज्ञानाचे विषय शिकावे लागतात.

३. हकिकत, तारीख, हजर, परवानगी, मेहनत, इलाज हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

४. उर्दूत ‘जिद’ म्हणजे हट्ट. मराठीत ‘जिद्द’ हा शब्द चांगल्या अर्थाने वापरतात. श्वाइट्झर यांची जिद्द कोणत्या प्रसंगांतून दिसते, ते पाच-सहा ओळींत लिहा.

५. उपक्रम : मोठेपणी पुन्हा शिक्षण सुरू केलेल्या तुमच्या परिसरातील एका व्यक्तीला भेटा. तिला आलेल्या अडचणी विचारून मराठीत लिहा.