कूळ ते मालक : कुळकायदा आणि पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील जमीन

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• कुळाला मालकी देण्यामागील कायदेशीर प्रक्रिया सांगता येईल.
• आयर्लंडमधील जमीनखरेदी योजना आणि कुळकायदा यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• औद्योगिकीकरणाच्या काळात जमिनीच्या नोंदींना आलेले महत्त्व विशद करता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, भोसरी, आकुर्डी किंवा चाकणच्या औद्योगिक वसाहतीतून जाताना कारखान्यांच्या भिंती दिसतात. त्यांच्याखालची शेते दिसत नाहीत. तुमच्यापैकी काही जण याच कारखान्यांत पाळी करून रात्री अभ्यासाला बसत असतील. काहींच्या घरी जुन्या सातबारा उताऱ्यांची पिशवी जपून ठेवलेली असेल. अशा उताऱ्यांवर 'इतर हक्क' या रकान्यात कधी कुळाचे नाव, तर कधी कुळकायद्याच्या कलम ४३ च्या बंधनाची नोंद आढळते. एका ओळीच्या या नोंदीमागे मोठा सामाजिक बदल उभा आहे. कायद्याने मालक ठरलेला शेतकरी व्यवहारात मालक केव्हा होतो, हा या घटकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

१. पार्श्वभूमी

दुसऱ्याची जमीन कायदेशीररीत्या कसून तिच्याबद्दल खंड देणारा शेतकरी म्हणजे कूळ. मुंबई प्रांतात १९३९ च्या कायद्याने काही वर्षे सलग जमीन कसणाऱ्यास 'संरक्षित कूळ' हा दर्जा मिळाला. पुढे मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ अंमलात आला. यालाच आपण 'कुळकायदा' म्हणतो. या कायद्याने खंडावर मर्यादा आणली आणि मामलेदाराच्या आदेशाशिवाय कुळाकडून जमिनीचा ताबा घेण्यास मनाई केली.

तथापि, संरक्षण कागदावर असणे आणि ते कुळाच्या हाती पडणे यांत अंतर होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वतीने दांडेकर आणि खुदानपूर यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून असे दिसले की, अनेक ठिकाणी कुळांनी जमिनी 'स्वखुशीने' सोडल्याचे दाखवले गेले होते. कर्ज, भीड, नात्यागोत्याचे दडपण आणि कायद्याचे अज्ञान यांतून दिलेला राजीनामा कितपत स्वखुशीचा असतो, याचा विचार तुम्ही स्वतः करावा.

२. कृषकदिन : १ एप्रिल १९५७

१९५६ मध्ये अंमलात आलेल्या दुरुस्तीने कायद्याची दिशाच बदलली. तोवर कुळाला संरक्षण होते. आता त्याला मालकी मिळणार होती. जमीनमालकाला स्वतः कसण्यासाठी जमीन परत हवी असल्यास ३१ मार्च १९५७ पर्यंत अर्ज करण्याची मुभा होती. त्यानंतरच्या दिवशी, म्हणजे १ एप्रिल १९५७ रोजी, कायद्याच्या अटींत बसणारे कूळ आपण कसत असलेल्या जमिनीचे खरेदीदार मानले गेले. हा दिवस 'कृषकदिन' म्हणून ओळखला जातो. श्रीराम रामनारायण मेढी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली.

'मानले गेले' हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. मानीव खरेदीनंतरही पुढील पायऱ्या शिल्लक होत्या :

(अ) शेतजमीन न्यायाधिकरणाने नोटीस काढून कुळाचे म्हणणे ऐकणे आणि कलम ३२-ग नुसार किंमत ठरवणे;
(आ) कुळाने ती किंमत एकरकमी किंवा हप्त्यांनी भरणे;
(इ) पूर्ण रक्कम भरल्यावर कलम ३२-म नुसार खरेदीचे प्रमाणपत्र मिळणे;
(ई) फेरफार होऊन सातबारावर कुळाचे नाव मालक म्हणून लागणे.

कूळ सुनावणीला हजर राहिले नाही किंवा खरेदीस तयार नसल्याचे त्याने सांगितले, तर खरेदी निष्फळ ठरू शकत असे. जमीनमालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असल्यास खरेदीचा हक्क पुढे ढकलला जाई, आणि नंतर ठरावीक मुदतीत सूचना देण्याची जबाबदारी कुळावर पडे. दुर्बल मालकाला दिलेले हे संरक्षण न्याय्यच होते. पण मुदतीचा हिशेब न ठेवू शकणाऱ्या कुळाला त्याची किंमत मोजावी लागे.

काही जमिनी या तरतुदींतून वगळल्या होत्या. विहित अटी पूर्ण करणाऱ्या सार्वजनिक धार्मिक न्यासांच्या जमिनींवरील कुळांना असा खरेदीहक्क मिळाला नाही. देवस्थान इनामांचा इतिहास असलेल्या चिंचवडसारख्या परिसराचा अभ्यास करताना हे ध्यानात ठेवावे.

३. किंमत कशी ठरे?

कायम कुळासाठी किंमत खंडाच्या सहापट होती. इतर कुळांसाठी ती जमीन महसुलाच्या आकाराच्या २० ते २०० पटींच्या दरम्यान ठरवली जाई. विहीर, बांधकाम, झाडे यांचे मूल्य आणि थकीत खंड यांचाही हिशेब होई. समजा, एखाद्या शेताचा आकार ८ रुपये आहे. त्याची मूळ किंमत १६० ते १,६०० रुपयांच्या दरम्यान येईल. कमाल किंमत बारा समान वार्षिक हप्त्यांत विभागली, तर व्याज वगळता प्रत्येक हप्ता सुमारे १३३ रुपयांचा होईल. बाजारभावाच्या तुलनेत ही रक्कम माफक असली, तरी कोरडवाहू शेतीतून ती दरवर्षी उभी करणे सोपे नव्हते.

४. तुलना : आयर्लंडचा अनुभव

कुळांना मालक करण्याचा प्रयोग आपल्याआधी आयर्लंडमध्ये झाला होता. १८७९ मध्ये स्थापन झालेल्या लँड लीगच्या आंदोलनामुळे ब्रिटिश सरकारला कुळांच्या प्रश्नाची दखल घ्यावी लागली. १८८५ च्या अ‍ॅशबोर्न कायद्याने कुळाला जमिनीची संपूर्ण किंमत सरकारी कर्जाच्या रूपाने दिली. परतफेडीची मुदत ४९ वर्षांची होती. १९०३ च्या विंडहॅम कायद्याने ही मुदत ६८½ वर्षे केली आणि विक्रीस राजी होणाऱ्या जमीनदारांना किमतीवर १२ टक्के बक्षीस रक्कम दिली.

दोन्ही योजनांतील फरक लक्षात घ्या. आयर्लंडमध्ये शासनाने जमीनदाराला पैसे दिले आणि कुळाकडून ते दीर्घकाळ वसूल केले. आपल्याकडे शासनाने कायद्याने मालकी संक्रमित केली, किमतीवर मर्यादा घातली. परंतु पैसे उभे करण्याचा भार कुळावर राहिला. आयरिश योजनेत खर्च मोठा होता, आपल्या योजनेत कार्यपद्धतीचे ओझे मोठे होते. हप्ता चुकला किंवा नोटिशीकडे दुर्लक्ष झाले, तर मालकी अधांतरी राहत असे.

५. शेतातून औद्योगिक पट्ट्याकडे

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली होती. म्हणजे कृषकदिनापूर्वीच या भागात कारखानदारीचे पाऊल पडले होते. १९६१ च्या अधिनियमानुसार महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण अस्तित्वात आले. पुढे खेड तालुक्यातील चाकण परिसरात, महाळुंगे, निघोजे, खराबवाडी अशा गावांच्या शिवारांत, औद्योगिक क्षेत्र विस्तारले. औद्योगिक विकासासाठी राखीव म्हणून अधिसूचित केलेल्या क्षेत्राला कुळकायद्याच्या अनेक तरतुदींतून वगळण्याचा अधिकारही याच कायद्याने शासनाला दिला होता.

अशा रीतीने शासनाने ज्या हाताने कसणाऱ्याला जमीन दिली, त्याच हाताने पुढे सार्वजनिक प्रयोजनासाठी ती घेतली. अशा वेळी मोबदला कोणाला, हा प्रश्न उभा राहिला, आणि त्याचे उत्तर कागदपत्रांत शोधले जाऊ लागले. ज्याच्याकडे ३२-म चे प्रमाणपत्र आहे आणि ज्याचे नाव सातबारावर मालक म्हणून लागले आहे, त्याचा दावा सुकर होतो. ज्याची खरेदी अर्धवट राहिली, त्याच्या वारसांना मूळ मालकाच्या वारसांशी वाद घालावा लागतो. आजोबांनी न भरलेला हप्ता अशा रीतीने नातवाच्या वाट्याला दावा म्हणून येतो.

कायद्याने मिळालेली जमीन लगेच पुन्हा हातची जाऊ नये, म्हणून कलम ४३ नुसार तिच्या हस्तांतरणास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक होती. २०१४ च्या दुरुस्तीनुसार, खरेदीला दहा वर्षे झाली असल्यास आकाराच्या ४० पट नजराणा भरून, अन्य अटींच्या अधीन राहून, अशी जमीन पूर्वपरवानगीशिवाय विकता येते. जमिनीचे भाव वाढलेल्या पट्ट्यात या सवलतीने मालकाचे स्वातंत्र्य वाढले. त्याबरोबर मूळ संरक्षण मात्र सैल झाले.

सारांश

कुळकायद्याने कसणाऱ्याला मालकीचा हक्क दिला, ही महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील मोलाची घटना होय. मात्र मालकी ही एका दिवसात पूर्ण होणारी गोष्ट नाही. सुनावणी, किंमत, हप्ते, प्रमाणपत्र आणि नोंद अशा क्रमाने ती सिद्ध होते. ही साखळी कोठे तुटली, हे पुष्कळदा जमीन हातातून जाताना कळते.

स्वाध्याय

१. 'मानीव खरेदीदार' ही संकल्पना सोदाहरण स्पष्ट करा.
२. आयर्लंडमधील जमीनखरेदी योजना आणि कुळकायदा यांची तुलना करा.
३. कलम ४३ चे बंधन शिथिल होणे हिताचे की अहिताचे? तुमचे मत सकारण मांडा.
४. कृती : तुमच्या कुटुंबातील किंवा परिचितांच्या शेतजमिनीचा सातबारा व जुने फेरफार पाहा. कुळासंबंधीची नोंद आढळल्यास घरातील वडीलधाऱ्यांकडून तिची हकीकत ऐका आणि ती दहा ओळींत लिहा.