बसचा धूर जातो कुठे?

एस. टी. महामंडळाची ‘शिवाई’ ही विजेवर चालणारी बस १ जून २०२२ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, प्रथम धावली. तिला धुराचे नळकांडे नाही. मागे उभे राहिले तरी नाकाला रुमाल लावावा लागत नाही. पण म्हणून धूर नाहीसा झाला काय? आपण चंद्रपूरकरांना हा प्रश्न सहज सोडून देता येत नाही.

वीज हे इंधन नव्हे. ती ऊर्जा वाहून नेणारी हमाल आहे. आपल्या दुर्गापूरच्या औष्णिक विद्युत केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे आणि तेथे कोळसा जळतो. कोळशातील उष्णतेपैकी जेमतेम एक-तृतीयांश भागाचीच वीज होते.

आता हिशेब मांडू. आकडे स्थूलमानाने घेतले आहेत. शहरातील मोठी विजेची बस किलोमीटरला सव्वा युनिट वीज घेते असे समजा. एका युनिटला सुमारे ६५० ग्रॅम कोळसा लागतो, म्हणजे किलोमीटरला सुमारे ८०० ग्रॅम. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण फार, सुमारे ३५ टक्के. तेव्हा दहा किलोमीटरला जवळजवळ तीन किलो राख! तिच्यातील बरीचशी विद्युत-प्रक्षेपक यंत्रे चिमणीआधीच पकडतात; पण पकडलेली राखही कुठेतरी टाकावीच लागते. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांची पाहणी केली, तेव्हा प्रदूषणात चंद्रपूरचा क्रमांक चौथा लागला होता.

कार्बन डायऑक्साइडचे काय? कोळशाच्या एका युनिटमागे तो सुमारे एक किलो निघतो. म्हणजे या बसमागे किलोमीटरला सव्वा किलो. एक लिटर डिझेल जळले की २.७ किलो निघतो. थांबत थांबत जाणारी बस लिटरला तीन किलोमीटर गेली, तर किलोमीटरला ०.९ किलो. म्हणजे केवळ कोळशाच्या विजेवर ही बस डिझेलच्याही मागे पडते! तीच वीज कोयनेच्या पाण्यापासून किंवा सूर्यप्रकाशापासून आली, तर हा आकडा शून्याजवळ येतो. पुण्यातल्या रस्त्यावरची हवा दोन्ही वेळा सुधारते. चंद्रपूरची मात्र दुसऱ्याच वेळी.

विजेच्या बसचा एक गुण मात्र निर्विवाद आहे. १५ टनांची बस ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा ७,५०,००० ज्यूल, म्हणजे सुमारे एक-पंचमांश युनिट होते. डिझेलच्या बसमध्ये ब्रेक लावताच ती सारी उष्णता होऊन वाया जाते. विजेच्या बसमध्ये मोटारच उलट जनित्राचे काम करते आणि त्यातील काही भाग बॅटरीत परत जातो. गर्दीच्या रस्त्यावर ही बचत मोठी!

दुसरी वाट इथेनॉलची. २०१४ साली शेजारच्या नागपुरात इथेनॉलवर चालणारी बस धावली. डिझेल नुसत्या दाबाच्या उष्णतेने पेटते; इथेनॉल तसे सहजी पेटत नाही. म्हणून अशा इंजिनात हवा सुमारे २८ पट दाबतात आणि इंधनात पेट घ्यायला मदत करणारे द्रव्य मिसळतात. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा २१ मेगाज्यूल, डिझेलची ३६. तेव्हा टाकी मोठी हवी. नागपूरची ती सेवा २०१८ साली बंद पडली.

इथेनॉलचा कार्बन वनस्पतीने हवेतूनच घेतलेला असतो, ही जमेची बाजू. परंतु उसाला पाणी किती लागते ते ठाऊक आहेच. गडचिरोलीच्या धानपट्ट्याला जवळची गोष्ट वेगळी आहे. हरियाणात पानिपतला २०२२ साली धानाच्या तणसापासून इथेनॉल करणारा कारखाना सुरू झाला. तणसातील सेल्युलोज आधी फोडून त्याची साखर करावी लागते, आणि तेच काम किचकट व खर्चाचे आहे. शिवाय तणस गुरांनाही लागते!

तुमच्या गावच्या एस. टी. चालकाला विचारा, गाडी लिटरला किती किलोमीटर जाते. २.७ ला त्या आकड्याने भागा आणि उत्तर वरच्या सव्वा किलोशी ताडून पाहा. मग विजेपैकी निम्मी सूर्याची धरून हिशेब पुन्हा करा.