लेसकॅप हायड्रेंजियावरील लाल कोळी : ओळख व व्यवस्थापन

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बेंगळुरूत लेसकॅप हायड्रेंजिया अर्धसावलीत चांगला वाढतो. त्याच्या गुच्छातील कडेची मोठी फुले वांझ असतात; मधल्या बारीक, प्रजननक्षम फुलांवर परागासाठी मधमाश्या येतात.

मार्च ते मेच्या कोरड्या, उष्ण हवेत लाल कोळी पानांखाली राहून रस शोषतात. पाने ठिपकेदार व निस्तेज होतात, बारीक जाळी दिसते. कोळी हा कीटक नसून अष्टपाद आहे. पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके फवारल्यास परभक्षी कोळी व मधमाश्या मरतात आणि लाल कोळ्यांचा उद्रेक होतो.

म्हणून प्रथम पानांच्या खालच्या बाजूवर सकाळी पाण्याचा जोरदार झोत मारावा. मुळांशी आच्छादन करून ओलावा टिकवावा. प्रादुर्भाव कायम राहिल्यास सायंकाळी, मधमाश्या परतल्यावर, ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा.