तोंडचे सत्य आणि दप्तरातील सत्य

जसे घडले तसे सांगणे म्हणजे सत्य, अशी व्याख्या शाळेत शिकविली जाते. बालवयासाठी ती पुरेशी आहे. परंतु जमिनीचा कागद, शासकीय दप्तर आणि न्यायालयातील साक्ष यांच्याशी ज्याचा संबंध येतो, अशा प्रौढ माणसास ती अपुरी पडते. कारण तेथे सांगणारा एक असतो आणि लिहून घेणारा दुसरा. सांगणारा प्रामाणिक असूनही लिहिलेले खोटे निघू शकते. किंबहुना, लिहिणाऱ्याने एकही अक्षर खोटे लिहिलेले नसताना नोंद मात्र असत्य असू शकते. ही गोष्ट ऐकावयास विचित्र वाटते. परंतु आदिलाबाद जिल्ह्याच्या इतिहासात तिचा पडताळा मिळतो.

आदिलाबाद हा पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील जिल्हा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुकेही त्यातच होते. २०१४ पासून तो तेलंगणा राज्यात आहे, आणि २०१६ मध्ये त्याचे विभाजन होऊन चार जिल्हे झाले. येथील डोंगराळ भागात गोंड, कोलाम व परधान यांची जुनी वस्ती आहे. गोंडांची घरची भाषा गोंडी, बाजारहाटाची बहुतांशी मराठी, आणि संस्थानी काळात दप्तराची भाषा उर्दू. म्हणजे शेतकऱ्याचे म्हणणे कागदावर उतरेपर्यंत त्यास दोन-दोन भाषा ओलांडाव्या लागत. कागदावर नेमके काय उतरले, हे वाचून पाहण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते.

डोंगरमाथ्यावरील जमीन हलकी. तीत काही वर्षे पीक घेतल्यावर कस उतरतो. म्हणून गोंड शेतकरी ती विसाव्यासाठी सोडून देई आणि दुसरा तुकडा कसू लागे. काही वर्षांनी तो पहिल्या तुकड्याकडे परत येई. कोणते शिवार कोणत्या घराण्याचे, हे साऱ्या गावास ठाऊक असे. त्याबद्दल तंटा नव्हता, म्हणून कागदही नव्हता. पुढे मोजणी झाली, राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या. पाहणी करणाऱ्या माणसाने विसाव्यास सोडलेले शेत पाहिले. तेथे पीक उभे नव्हते, झुडपे वाढलेली होती. त्याने ते पडीक म्हणून धरले. डोळ्यांना दिसले तेच त्याने लिहिले. तरीही ती नोंद खोटी होती. कारण ‘हे शेत पडीक का आहे आणि कोणाचे आहे’ हा प्रश्नच विचारला गेला नव्हता. अशी कितीतरी शेते राखीव जंगलात गेली, काही बाहेरून आलेल्यांच्या नावे लागली, आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणारा माणूस आपल्याच रानात अतिक्रमण करणारा ठरला.

या असंतोषातून कुमरम भीम याचा उठाव उभा राहिला. १९४० मध्ये जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात तो व त्याचे काही साथीदार मारले गेले. त्यानंतर मात्र निजाम सरकारला चौकशी करावीशी वाटली. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे हे काम आले. त्यांनी कचेरीत बसून जबान्या मागविल्या नाहीत. मार्लवाई या गावी पत्नीसह मुक्काम केला, लोकांमध्ये राहून त्यांचे म्हणणे ऐकले. त्यांचे अहवाल १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि हजारो गोंड कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळण्यास त्यांचा उपयोग झाला. मराठी वाचकांना इतिहासकार म्हणून परिचित असलेले सेतुमाधवराव पगडी हेही त्या काळी या जिल्ह्यात अधिकारी होते. ते गोंडी शिकले आणि तिचे व्याकरणही त्यांनी लिहिले. हाताखालच्या दुभाष्यावर विसंबून राहणे सोपे असताना अधिकाऱ्याने भाषा शिकण्याचे कष्ट घ्यावेत, ही प्रामाणिकपणाचीच एक बाजू होय, आणि तिची गणना सहसा कोणी करीत नाही.

मार्लवाई येथे १९४३ मध्ये गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षणाचे केंद्र निघाले. देवनागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके तयार झाली. अक्षरओळख झालेल्या माणसास निदान कागद उलटा की सुलटा धरला आहे, हे तरी कळते. अंगठा उठविण्यापूर्वी तो विचारू शकतो. केसलापूरच्या नागोबा जत्रेत अधिकाऱ्यांनी उघड्यावर बसून गाऱ्हाणी ऐकण्याचा दरबारही त्याच दशकातला. चार लोकांसमक्ष सांगितलेली गोष्ट लिहिताना बदलणे अवघड जाते.

तथापि पट्टे मिळाले तरी जमीन टिकली नाही. कर्जाच्या कागदावर अंगठा, भलत्याच्याच नावावर खरेदी, असे व्यवहार चालूच राहिले. यांतील पुष्कळ कागद नियमानुसार बिनचूक असत. अखेर आंध्र प्रदेशात १९५९ च्या जमीन हस्तांतरण विनियमात १९७० साली दुरुस्ती झाली. अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगर आदिवासीच्या ताब्यात असेल, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती आदिवासीकडूनच आली असे गृहीत धरावे, असे तीत ठरले. शाबिती देण्याचा भार अशा रीतीने कागद बाळगणाऱ्यावर आला. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ही तरतूद वैध ठरविली.

अंमलबजावणी मात्र रेंगाळली. जमिनीच्याच प्रश्नावर २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. सरकारी आकडा १३ मृतांचा. लोकांच्या तोंडी असलेला आकडा त्याच्या कितीतरी पट आहे. एकाच दिवसाच्या एकाच घटनेविषयी दोन आकडे आजही शेजारी शेजारी उभे आहेत.

वन हक्क कायदा २००६ मध्ये झाला आणि त्याखालील नियम पुढे लागू झाले. वहिवाटीचा पुरावा म्हणून कोणकोणत्या गोष्टी चालतील, याची यादी नियम १३ मध्ये आहे. तीत शासकीय दप्तर आहे, विहिरी, बांध, दफनभूमी यांसारख्या खुणा आहेत, आणि दावेदाराव्यतिरिक्त गावातील वडीलधाऱ्या व्यक्तीचे लेखी घेतलेले निवेदनही आहे. आदिलाबादच्या डोंगरात जे सांगूनही कोणी लिहून घेतले नव्हते, त्याला कायद्याने पुरावा म्हणून जागा दिली. हाच नियम किनवट, राजुरा आणि गडचिरोलीतही लागू आहे.

या सोयीबरोबर जबाबदारीही येते, व ती दुहेरी आहे. नात्याखातर किंवा भिडेखातर शेजाऱ्याची वहिवाट वाढवून सांगणारा म्हातारा पुढच्या दहा खऱ्या दाव्यांवर संशय आणतो. दुसरीकडे, एकाच मजकुराची निवेदने आधीच तयार ठेवून त्यांवर केवळ नावे भरणारा कर्मचारी पडीक शेताची ती जुनी नोंद नव्याने करीत असतो. निवेदन घेताना वृद्धास शेतावर न्यावे. विहीर कोणी खणली, बांध कोणी घातला, मोहाचे झाड कोणाच्या वाट्याचे, हे त्याच्याच शब्दांत लिहावे. नंतर ते त्याला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवावे, तो दुरुस्ती सांगेल तर ती करावी, आणि मगच सही किंवा अंगठा घ्यावा. या वाचून दाखविण्यास फार तर पाव तास लागतो.