फोनचं निमित्त कर

अगं मने, परवा तुमच्या सेंटरमध्ये नवं एमआरआय मशीन बसतंय ना? मग त्या दिवशी तुझा तो नवाकोरा आयफोन घरी ठेव. हसू नकोस, ऐक.

२०१८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत, शिकागोजवळच्या मॉरिस गावातल्या हॉस्पिटलात असंच मशीन बसवत होते. अचानक चाळीसेक फोन, टॅब, घड्याळं गपगार. सगळी ॲपलची! अँड्रॉइडवाले मजेत, हॉस्पिटलची यंत्रंही ठणठणीत. आधी संशय मशीनवरच गेला. चोर निघाला हेलियम. चुंबक गार ठेवायला तो उणे २६९ अंशांवर, द्रवरूपात भरतात. तो गळून इमारतभर पसरला होता.

फुग्यातला वायू फोनचं काय वाकडं करणार, असं मलाही वाटलेलं. पण फोनच्या पोटात सतत ठोके पडत असतात, सेकंदाला ३२,७६८. एरवी ते क्वार्ट्झचा स्फटिक देतो. त्या फोनांत मात्र सिलिकॉनचा इवलासा तुकडा होता, हवा काढून बंद केलेल्या कुपीत थरथरणारा. हेलियमचा अणू इतका बारका, की कुपीच्या भिंतीतून आत झिरपतो. ठोका चुकला, की फोन बंद. मेलेला नसतो हं. चार्जरला न लावता आठवडाभर मोकळ्या हवेत ठेवला की बहुतेक वेळा उठतो. कंपनीच्याच पुस्तिकेत तसं लिहिलंय. आईचं ऐकून तांदळाच्या डब्यात तेवढा खुपसू नकोस.

पण खरं सांगू? मला फोनचं एवढं पडलेलं नाही. एक लिटर द्रव हेलियमचा ७०० लिटरहून जास्त वायू होतो आणि खोलीतली हवाच हुसकावतो. ना रंग, ना वास. माणूस गुदमरतोय हे त्याचं त्यालाही कळत नाही. "सर, इथे ऑक्सिजनचा अलार्म लावलाय का?" असं नव्या नोकरीत तुझ्या तोंडून फुटायचं नाही, मी ओळखते तुला. म्हणून फोनचं निमित्त कर. म्हणावं, हेलियम गळला तर फोन बंद पडतो म्हणे, माझे अजून अकरा हप्ते जायचेत. हप्त्यांचं दुखणं सगळ्यांना कळतं. तिथून हळूच अलार्मवर ये. आणि तो वाजलाच, तर पर्ससाठीसुद्धा मागे वळू नकोस, सरळ बाहेर.

दुपारी जेवायला बसलीस की कुणाच्या तरी अँड्रॉइडवरून मला फोन कर.