पुठ्ठ्याच्या संगणकाची पुनर्रचना

जव्हार व मोखाडा तालुक्यांतील पाड्यांवर पावसाळ्यात वीज गेली म्हणजे शाळेतील संगणक निरुपयोगी होऊन बसतो. वीज असते तेव्हाही आत काय चालते हे मुलांस दिसत नाही. कळ दाबली की उत्तर उमटते, एवढेच ती शिकतात. आणि उत्तर चुकले तर यंत्र खरे व आपण खोटे, अशी त्यांची समजूत होते. घरी वारली वा कोकणा बोली बोलणाऱ्या आणि वर्गात प्रमाण मराठीपुढे बिचकणाऱ्या मुलांच्या बाबतीत ही समजूत विशेष घातक होय.

अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील डेव्हिड हॅगेलबार्गर व सॉल फिंगरमन यांनी १९६८ साली ‘कार्डिअ‍ॅक’ नावाचा पुठ्ठ्याचा संगणक पुस्तिकेसह तयार केला. त्यात तार नाही की दिवा नाही. ०० ते ९९ अशी शंभर घरे, सरकत्या पट्ट्या आणि चालू आज्ञेचे घर दाखविणारा एक कागदी किडा; हिशेब करणारा मात्र विद्यार्थीच. मूळ पुस्तिकेतील रचनेवरून हे यंत्र शाळेत पुन्हा उभे करता येते.

जुन्या पुठ्ठ्यावर शंभर घरे आखावीत व त्यांत पेन्सिलीने लिहावे, म्हणजे खोडता येईल. ०० घरात ००१ ही संख्या मुळात कायमची छापलेली होती. तीही तशीच ठेवावी. बेरीज-वजाबाकीच्या संचयकाच्या जागी पाटी घ्यावी. किड्याऐवजी चिंचोका चालेल. (गुंज दिसावयास अधिक शोभेल, पण ती विषारी असल्याने वर्गात आणू नये.)

प्रत्येक आज्ञा तीन अंकी असते: पहिला अंक क्रियेचा, पुढील दोन घराच्या क्रमांकाचे. ० म्हणजे बाहेरील संख्या घरात घेणे, १ म्हणजे पाटी पुसून घरातील संख्या तीवर लिहिणे, २ बेरीज, ५ उत्तर बाहेर देणे, ६ पाटीवरील संख्या घरात ठेवणे, ९ थांबणे. दोन संख्यांच्या बेरजेसाठी १० ते १६ या घरांत अनुक्रमे ०२०, ०२१, १२०, २२१, ६२२, ५२२, ९०० लिहावे. एका मुलाने चिंचोका सरकवावा, दुसऱ्याने आज्ञा वाचावी, तिसऱ्याने पाटी सांभाळावी, चौथ्याने घरांत लिहावे.

यानंतर शिक्षकांनी मुद्दाम ६२२ च्या जागी ६२० लिहावे. आता बेरीज २० व्या घरात जाऊन पहिली संख्या पुसली जाईल, आणि ५२२ ही आज्ञा २२ व्या घरात जे काही पूर्वीचे असेल तेच बाहेर देईल. चूक कोठे झाली ते मुलांनी चिंचोका मागे नेऊन स्वतः शोधावे. शिक्षकांनी येथे घाई करून सांगू नये. यंत्राने सांगितले तेवढेच केले, हे त्या शोधातच उमगते.

घरातील १२० ही संख्या की आज्ञा, असा प्रश्न एखादे हुशार मूल विचारील. चिंचोका तेथे पोहोचला तर आज्ञा, एरवी संख्या, हेच त्याचे उत्तर. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या सुमारे २,७०० निर्वात नलिकांच्या संगणकातही आज्ञा व संख्या एकाच स्मृतीत राहत असत.

घर बदलून उडी घेण्याच्या ३ व ८ या आज्ञा दुसऱ्या पाठासाठी राखून ठेवाव्यात. वजाबाकीची ७ ही आज्ञा मात्र त्याच दिवशी देण्यास हरकत नाही.