वादकाच्या पायांची कामगिरी

आपल्या शरीराच्या अवयवांत पायाइतका उपेक्षित अवयव दुसरा नसेल. हातांचें कौशल्य आपण वाखाणतों, डोळ्यांच्या तेजाचें वर्णन करतों. पाय मात्र धूळ तुडविण्यासाठींच आहेत अशी आपली समजूत असते. प्रेषित पौलानें करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायांत हात व पाय यांचाच दृष्टांत घेऊन, कोणत्याहि अवयवास दुसऱ्यावांचून चालत नाहीं, हें समजावून दिलें आहे. ह्या दृष्टांताची सत्यता मला एका वाद्याच्या निमित्तानें निराळ्याच प्रकारें पटली. त्या वाद्याची रचना समजावून देणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे; आणि त्या ओघांत माझ्या हातून घडलेली एक चूकहि सांगावयाची आहे.

वादनांत पायांस काम देण्याची कल्पना नवी नाहीं. पॅरिस येथील दबँ नांवाच्या कारागिरानें १८४२ सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें. त्या वाद्याचा भाता पायांनीं चालत असे, म्हणून वादकाचे दोन्ही हात स्वरपट्ट्यांवर मोकळे राहत. आपल्याकडे जमिनीवर बसून वाजविण्याची रीत असल्यानें पुढें कलकत्त्यास हातभात्याची पेटी तयार झाली आणि वादकाचा एक हात भात्याशीं गुंतला. मराठी संगीत रंगभूमीवर मात्र पायानें चालणारा ऑर्गन दीर्घकाळ मानानें नांदला, व मिशनच्या जुन्या उपासनामंदिरांतूनहि पायपेटीच्या साथीनें भक्तिगीतें गाइलीं जात. ह्या पायपेटींत एक्स्प्रेशन नांवाची एक खुंटी असते. ती ओढली कीं हवा सांठविणारा कप्पा बाजूस पडतो आणि पायाचा दाब थेट स्वरावर उमटतो. पाय जोरानें दाबला तर स्वर मोठा, हलकेंच दाबला तर मृदु. म्हणजे पाय हा केवळ भाता हलविणारा हमाल नसून तोहि एक गवई आहे, हें आमच्या वाडवडिलांस ठाऊक होतें.

आतां विजेच्या गिटारकडे वळूं. हिच्या पोलादी तारांखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेचीं वेटोळीं असतात. तार कंप पावली कीं वेटोळ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, व तो मोठा करून ध्वनिवर्धकांतून ऐकविला जातो. परंतु वाटेंत ह्या प्रवाहावर नानाविध संस्कार करतां येतात. ते करणाऱ्या यंत्रास इफेक्ट्स प्रोसेसर म्हणतात. आपण त्यास ध्वनिसंस्कारक म्हणूं.

ह्या संस्कारांपैकीं डिले हा आपल्या भागांतील मुलांस चट्कन् समजेल. माथेरानच्या एको पॉइंटवर उभें राहून ज्यानें हांक मारली असेल, त्यानें डिले ऐकला आहे. ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ३४० मीटर धरला, तर ८५ मीटरांवरील कड्यापर्यंत जाऊन परत येण्यास हांकेस १७० मीटर, म्हणजे अर्ध्या सेकंदाचा, प्रवास पडतो. ध्वनिसंस्कारक तारेचा आवाज अर्धा सेकंद स्मरणांत ठेवून पुन्हां सोडतो. म्हणून यंत्रावर ५०० मिलिसेकंद हा आंकडा लावणें म्हणजे वादकासमोर ८५ मीटरांवर एक कडा उभा करणेंच होय. दगडी मंदिरांत किंवा घाटांतील बोगद्यांत असे अनेक प्रतिध्वनि एकमेकांत मिसळून आवाजास जी व्याप्ति येते, तिचें अनुकरण म्हणजे रिव्हर्ब. याउलट डिस्टॉर्शन. यांत प्रवाह त्याच्या मर्यादेपलीकडे वाढवून त्याच्या लाटांचे माथे छाटले जातात. त्यामुळें मूळ स्वरांत नसलेले उपस्वर निर्माण होतात व आवाज खरखरीत, उग्र होतो. तोहि योग्य स्थळीं शोभतो. अयोग्य स्थळीं काय होतें तें पुढें येईलच.

असें मिश्रण एकदां जुळविलें कीं यंत्रांत क्रमांक देऊन सांठवितां येतें. त्यास प्रीसेट म्हणतात. पण खरी अडचण येथेंच उभी राहते. गीताचें धृपद संपून अंतरा सुरू होतांना आवाज बदलावयाचा असतो, आणि त्या क्षणीं डावा हात दांडीवर व उजवा तारांवर गुंतलेला असतो. यंत्राचें बटण कोणीं दाबावें? उत्तर पायपेटीनेंच देऊन ठेवलें आहे. जमिनीवर एक लोखंडी पाट, त्यावर पायानें दाबावयाचीं बटणें व बाजूस शिलाईयंत्राच्या पायटीसारखें एक हलतें पेडल, असें हें साधन असतें. यालाच फुट कंट्रोलर म्हणतात.

ह्या पाटांतून ध्वनिसंस्कारकाकडे एक तार जाते. पुष्कळांची समजूत अशी कीं त्या तारेंतून गिटारचा आवाज वाहतो. तसें मुळींच नाहीं. त्या तारेंतून केवळ हुकूम जातात. कर्जत स्थानकांत ज्यांनीं थोडा वेळ काढला असेल त्यांस ठाऊक आहे कीं, पुण्याकडे जाणाऱ्या जड गाड्यांस बोरघाट चढण्यासाठीं मागून जादा इंजिनें लावितात, कारण तेथील चढ सदतिसांस एक इतका तीव्र आहे. पुढचा चालक व मागचा चालक यांच्यामध्यें सबंध गाडीची लांबी पडते. म्हणून शिटीच्या ठराविक संकेतांनीं एकानें दुसऱ्यास इशारा द्यावयाचा, ही घाटांतली जुनी रीत. शिटी गाडी ढकलीत नाहीं. ढकलण्याचें काम इंजिनाचें. शिटी फक्त सांगते, आणि दोन्ही चालकांस तिचा अर्थ एकच ठाऊक असतो म्हणून काम होतें. वाद्यांमधील अशा संकेतभाषेचें नांव मिडी, म्हणजेच म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस.

ही भाषा होण्यापूर्वीं निरनिराळ्या कारखान्यांचीं वाद्यें एकमेकांचे हुकूम समजत नसत. १९८३ च्या जानेवारींत अमेरिकेंतील नॅम ह्या व्यापारी प्रदर्शनांत सीक्वेन्शियल सर्किट्सचें प्रोफेट-६०० व जपानच्या रोलंडचें ज्युपिटर-६ हीं दोन प्रतिस्पर्धी कारखान्यांचीं वाद्यें एका तारेनें जोडण्यांत आलीं, व एकावर बोट ठेवतांच दुसरें बोलूं लागलें. डेव्ह स्मिथ व इकुतारो काकेहाशी हे ह्या कार्याचे अध्वर्यु. २०१३ सालीं उभयतांस तांत्रिक कार्याबद्दल ग्रॅमी सन्मान मिळाला. विशेष हें कीं, ही भाषा वापरण्याबद्दल कोणाकडूनहि मोबदला घेण्यांत आला नाहीं, आणि म्हणूनच ती सर्वत्र पसरली. २०२० सालीं तिची दुसरी आवृत्ति जाहीर झाली, तरी पहिलीचे हुकूम आजहि कामीं येतात.

मिडीचा हुकूम म्हणजे एकामागून एक धांवणारे आंकडे. पहिला आंकडा १२८ किंवा त्याहून मोठा असतो. तो काय करावयाचें तें सांगतो. पुढील आंकडे ० ते १२७ यांमधील असतात; ते किती किंवा कोणतें तें सांगतात. उदाहरणार्थ, पहिल्या चॅनेलवर १९२ हा आंकडा आला कीं अर्थ झाला ‘प्रीसेट बदल’, आणि त्यामागून येणारा आंकडा त्या प्रीसेटचा क्रमांक. चॅनेल सोळा आहेत. एकाच तारेवर अनेक यंत्रें असलीं तरी ज्याचा चॅनेल पुकारला तेंच हालतें. तारेंतून सेकंदास ३१,२५० बिट वाहतात, व प्रत्येक आंकड्यास आरंभ व शेवट यांच्या खुणा धरून दहा बिट लागतात. हिशेब करून पाहा. दोन आंकड्यांचा हुकूम ०·६४ मिलिसेकंदांत पोंचतो. तेवढ्या अवधींत ध्वनि हवेंतून जेमतेम एक वीत पुढें सरकतो!

आणखी एक मौज. हुकूम घेणाऱ्या यंत्राच्या दाराशीं तारेचा प्रवाह थेट आंत शिरत नाहीं. तो एक चिमुकला दिवा लावतो, आंतील प्रकाशग्राही भाग तो प्रकाश पाहतो व हुकूम समजतो. दोन यंत्रांत विजेचा प्रत्यक्ष संबंध न राहिल्यानें घरघर शिरण्याची भीति बरीच कमी होते.

बटणांनीं आवाज बदलतो. हलत्या पेडलानें तो वाढतो, घटतो किंवा वळतो. टांच दाबली म्हणजे ०, चवडा पूर्ण दाबला म्हणजे १२७. ह्या हुकुमास तीन आंकडे लागतात. पहिला हुकुमाचा, दुसरा कशावर अंमल करावयाचा त्याचा, तिसरा मापाचा. दुसरा आंकडा ७ असेल तर एकंदर आवाजाची पातळी, ११ असेल तर एक्स्प्रेशन, म्हणजे पायपेटीच्या खुंटीचेंच नांव! खालापूर तालुक्यांत खोपोली येथें १९१५ सालापासून जलविद्युत्केंद्र आहे. घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी नळांतून खालीं कोसळून तेथील चक्रें फिरवितें, आणि एक झडप त्या प्रचंड ओघास आवरते. झडप वळविणाऱ्याचें बळ तें किती, आणि पाण्याचें किती! पेडलाचें काम असेंच झडपेचें आहे. गिटारचा आवाज बोलका करणारें वा-वा पेडल १९६६ सालीं प्रथम सिद्ध झालें, तेंहि ऑर्गनच्या पेडलाच्या सांगाड्यांत बसवूनच. तात्पर्य, नव्या साधनाचे पूर्वज आमच्या ओळखीचेच आहेत.

आतां माझ्या चुकीची हकीकत. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या भागांतील एका लहान उपासनामंदिरांत नाताळच्या संध्याकाळच्या उपासनेस एक विद्यार्थी गिटारची साथ करणार होता. मुलगा गरीब घरचा, मन लावून शिकणारा. ध्वनिसंस्कारक मंडळीचाच होता. फुट कंट्रोलर मात्र त्याच दिवशीं दुपारीं मुंबईहून मागून आणलेला. क्रमांकांची जुळणी मीं स्वतः केली. ध्वनिसंस्कारकाच्या पडद्यावर पहिले तीन प्रीसेट मृदु होते आणि चौथा तरुणांच्या मेळाव्यासाठीं ठेवलेला उग्र डिस्टॉर्शनचा. तीन गीतांसाठीं मीं बटणांवर १, २, ३ हे क्रमांक बसविले, दोन बटणें दाबून पाहिलीं, आवाज बदलतो आहे एवढी खातरी केली व तोरणें बांधण्याच्या कामास लागलों.

पहिलीं दोन गीतें सुरेख झालीं. तिसरें रेव्हरंड टिळकांचें एक संथ पद. दिवे मंद केलेले, मंडळी डोळे मिटून बसलेली. मुलानें तिसरें बटण दाबलें आणि मंदिरांत असा कर्कश गडगडाट झाला कीं लहान मुलें रडूं लागलीं. मुलगा गोंधळून थांबला. उपासनेनंतर वडील मंडळींनीं त्यास बोल लाविला. तो एवढेंच म्हणाला, “सर, मी तिसरेंच दाबलें होतें.” मीं उत्तर दिलें, “अरे, घाईंत पाय चुकला असेल.” तो कांहीं बोलला नाहीं. पुढील दोन सरावांस तो आला नाहीं.

चार दिवसांनीं कंट्रोलर परत करण्यापूर्वीं मीं त्याची माहितीपुस्तिका वाचावयास घेतली आणि माझा चेहरा उतरला. मिडीच्या तारेंत क्रमांक ० ते १२७ असे धांवतात. कांहीं यंत्रें ते तसेच दाखवितात. कांहीं माणसाच्या सोयीसाठीं १ ते १२८ असे दाखवितात. आमचा कंट्रोलर शून्यापासून मोजणारा होता व ध्वनिसंस्कारक एकापासून. मीं लिहिलेल्या १ नें दुसरा प्रीसेट लागला, २ नें तिसरा आणि ३ नें चौथा, तोच उग्र! पहिले तीन एकमेकांसारखे मृदु असल्यानें दोन गीतांपर्यंत चूक कोणाच्याहि ध्यानांत आली नाहीं. मुलाचा पाय अचूक होता. चुकलें होतें माझें गणित, आणि त्याहून अधिक चुकलें तें माझें उत्तर.

त्याच सायंकाळीं मी त्याच्या घरीं गेलों व त्याच्या आईसमोर त्याची क्षमा मागितली. परंतु दोष चारचौघांत लागला होता, तेव्हां तो फिटावयासहि चारचौघेंच हवे होते. पुढील रविवारीं उपासनेनंतर मंडळीसमोर उभें राहून मीं सर्व हकीकत सांगितली. वीस वर्षें फळ्यावर आंकडे लिहिणाऱ्यास तें सोपें गेलें नाहीं. तो मुलगा मागच्या बाकावर होता. दुसऱ्या आठवड्यापासून तो सरावास येऊं लागला, व येतांच प्रथम त्यानें माझ्या हातांतून क्रमांकांचा कागद घेतला आणि शून्यापासून सगळे मोजून पाहिले.

ह्या अनुभवावरून, जे विद्यार्थी हें साधन वापरतील त्यांच्यासाठीं चार नियम सांगतों. पहिला: दोन्ही यंत्रांचा चॅनेल एकच आहे ना तें पाहावें. दुसरा: मोजणी शून्यापासून कीं एकापासून, हें दोन्हींकडे ताडून पाहावें व प्रत्येक बटण दाबून प्रत्यक्ष आवाज ऐकावा, दिवा लागला एवढ्यावर विसंबूं नये. तिसरा: कांहीं यंत्रांत प्रीसेट बदलतांना आवाजांत क्षणभर खंड पडतो, म्हणून बटण ओळीच्या मध्यें न दाबतां श्वासाच्या जागीं दाबावें. चौथा: मिडीची तार पंधरा मीटरांहून लांब घेऊं नये, आणि आपल्याकडील पावसाळ्यांत पाट ओल्या जमिनीवर कधीं ठेवूं नये.

आणि पांचवा नियम मजसारख्यांसाठीं. यंत्र बिघडलें असें वाटलें तर प्रथम आपली जुळणी तपासावी, आणि मग दुसऱ्याच्या पायाकडे बोट दाखवावें.